थेट घरी यायचं नाही

मनिला, १९ जुलै २०२०

प्रिय तिया पुरिंग,

व्हिडिओ फोन लावला की तुला ऐकू येत नाही म्हणून तू माझ्या हलणाऱ्या तोंडाकडे बघत दहा वेळा “जेवलीस का?” विचारतेस, आणि मी काय सांगितलं ते न कळताच “बरं बरं” म्हणतेस. परवा मी रडत होते, तरी तू “बरं बरं”च म्हणालीस. म्हणून आज कागद घेतला. मावशी म्हणून तिया म्हणते खरी, पण आई गेल्यावर सख्ख्या मावशीपेक्षा जास्त तूच मला वाढवलंस, तेव्हा रडगाणं गायचं तर तुझ्यापुढेच.

एप्रिलपासून हॉस्पिटलातला आमचा अख्खा मजला कोविडच्या पेशंटांना दिलाय. मी जिथे भाड्याने राहायचे त्या घरमालकिणीने माझी बॅग दाराबाहेर आणून ठेवली. वर “नर्सबाई, देव तुमचं भलं करो” असंही म्हणाली. आता हॉस्पिटलने आम्हाला एका लॉजमध्ये ठेवलंय. प्रत्येकीला वेगळी खोली. जेवणाचा डबा दाराशी ठेवतात, टकटक करतात आणि मी दार उघडेपर्यंत कॉरिडॉरमध्ये कुणी नसतं. चार महिन्यांत मला डबा देणाऱ्याचा चेहरा दिसलेला नाही.

थोडं हसण्यासारखंही सांगते. ग्लेंडा म्हणून माझी मैत्रीण आहे वॉर्डात. तिच्या वाढदिवसाला तिच्या आईने पान्सित पाठवलं. डबा बघून आमच्या हेड नर्सचा चेहरा पांढरा पडला. “वॉर्डात पान्सित? शेवया जितक्या लांब, तितकी पेशंटांची रांग लांब, एवढंही कळत नाही का तुम्हाला?” आम्ही जिन्यात लपून खाल्लं. दुपारी दोनपर्यंत अकरा नवे पेशंट आले. आता ग्लेंडाशी कुणी धड बोलत नाही. आम्ही सगळ्या शिकलेल्या बरं का, परीक्षेत चांगल्या मार्कांनी पास झालेल्या.

पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. या आठवड्यात माझ्या ड्यूटीत पाच जण गेले. मयताहून कधी थेट घरी यायचं नाही, हे तूच शिकवलंस. येताना तू मला कोपऱ्यावरच्या दुकानात थांबवायचीस, बिस्किट घ्यायचीस, दोन माणसांशी बोलायचीस, म्हणजे गेलेला माणूस तिथेच रेंगाळतो आणि आपल्या मागोमाग घरात शिरत नाही. इथे हॉस्पिटलची गाडी आम्हाला मागच्या दाराशी घेते आणि लॉजच्या दाराशी सोडते. दुकानं बंद. मी ड्रायव्हरला म्हटलं, पेट्रोलपंपावर एक मिनिट थांबा. तो म्हणाला, “मॅडम, तुम्हाला पाय मोकळे करायचेत, पण माझी नोकरी जाईल.” म्हणजे मी त्या पाचही जणांना घेऊनच तिसऱ्या मजल्यावर येते. खोलीत एक रिकामा पलंग आहे. त्याच्याकडे पाठ करून झोपायचा प्रयत्न करते. डोळ्याला डोळा लागत नाही.

हसू नकोस. मला कळतं की असं काही नसतं. तरी त्या पलंगावर मी कपडेसुद्धा ठेवत नाही.

तू चाळीस वर्षं सुईणपण केलंस. तू काय करायचीस?

तुझी मायलीन

—

गिमारास, ८ ऑगस्ट २०२०

माझी मायलीन,

तुझं पत्र टपालवाला कुंपणावर दगडाखाली ठेवून पळाला. मी ते तीन दिवस कपड्यांच्या दोरीला चिमट्याने लटकवलं, उन्हात तापवलं, मग वाचलं. तुझ्या शिक्षणात हे बसतं की नाही मला ठाऊक नाही, पण अक्षर काही जळलं नाही, एवढं खरं.

मी हसले नाही. पान्सितच्या जागी थोडी हसले.

मी काय करायचे ते विचारतेस. बाळंतीण किंवा मूल हाती लागलं नाही की मी घरी येताना खाडीवर थांबायचे. पाण्यात पाय घालून बसायचे आणि त्या बाईचं नाव मोठ्याने घ्यायचे, तिची एखादी गोष्ट सांगायचे. ऐकायला कोळंबीशिवाय कुणी नसायचं. मग उठून घरी.

तुला खाडी नाही, दुकान नाही. तर असं कर. गाडीतून उतरलीस की वर जायचं नाही. खाली जिन्यात बसायचं, वही काढायची आणि मला लिहायचं. गेलेल्याचं नाव आणि त्याची एक गोष्ट. फार नको, दोन ओळी. ते पत्र म्हणजे तुझा थांबा. त्या सगळ्यांना माझ्याकडे पाठवून दे. ओसरीवर लांबलचक बाक आहे, बसू देत तिथे. मी बहिरी आहे, त्यांनी कितीही बडबड केली तरी मला त्रास नाही.

रिकाम्या पलंगावर तुझे कपडे पसर. ओले टॉवेल टाक. पलंग रिकामा ठेवला की माणसाचं मन तिथे कुणाला तरी बसवतंच.

इकडे सगळं ठीक. या वर्षी आंबा चांगला झाला, पण बोटी बंद म्हणून झाडाखालीच सडला. शेजारची बेबांग हल्ली शिरका न्यायला येत नाही, गुडघा दुखतो म्हणे. जेवत जा.

तिया

—

मनिला, ६ सप्टेंबर २०२०

प्रिय तिया,

तुझा उपाय सुरू केलाय. लॉजच्या जिन्यात तिसऱ्या पायरीवर बसते. वॉचमनला वाटतं मी प्रियकराला पत्र लिहितेय. तो मान दुसरीकडे वळवतो, बिचारा.

यांना बाकावर जागा दे.

ओफेलिया, बेड तीन. शिंपीण होती. माझ्या पांढऱ्या सूटची शिलाई बोटाने चाचपून म्हणाली, “कुणी शिवलाय हा? पहिल्याच वाकण्यात उसवेल.” दुसऱ्या दिवशी उसवला.

गुरुजी व्हिसेंते, बेड एकवीस. तक्त्यावरचं माझं अक्षर बघून त्यांनी लाल पेन मागितलं होतं.

आणि बेड चौदा, एलिसेओ गालोन. त्याला नीट बसव, तो आपला माणूस आहे. गिमारासचाच. इथे इमारतींवर वेल्डिंग करायचा. माझं बोलणं ऐकून त्याने ओळखलं आणि आपल्याकडे घरच्या पोरीला म्हणतात तसं मला ‘इंदाय’ म्हणायला लागला. किती वर्षांनी कुणीतरी मला इंदाय म्हटलं. तो बुधवारी दुपारी गेला. मी त्याच्याजवळ होते. त्याचा हात हातात धरला होता, आपल्या भाषेत प्रार्थना म्हटली. त्याने डोळे मिटले, चेहरा अगदी शांत होता. झोप लागावी तसा गेला.

पलंगावर टॉवेल टाकलेत. काल चार तास झोपले. चार तास म्हणजे आमच्याकडे मेजवानी.

ग्लेंडाला लागण झालीय. ती आता आमच्याच वॉर्डात, बेड सहा. पान्सितचा विषय आम्ही दोघी काढत नाही.

मायलीन

—

गिमारास, ४ ऑक्टोबर २०२०

मायलीन बाळा,

तुझ्या पत्राने इथे काय घडलं ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. एलिसेओ गालोन वाचलं आणि माझा हात थांबला. खाडीपलीकडच्या एडिताचा नवरा. त्यांची पोर आयरा माझ्या हातची, पायाळू होती, मला घाम फोडला होता तिने.

एडिताला हॉस्पिटलातून एक फोन आला आणि तीन आठवड्यांनी मालवाहू बोटीतून त्याच्या राखेची बरणी आली. बरणीवर नाव, बस्स. तो कसा गेला, कोण होतं, काही नाही. लोक म्हणाले, एडिताने भात सोडलाय, उकडलेला रताळ्याचा तुकडा खाते आणि बरणीकडे बघत बसते. मी उठले. बेबांगच्या पोराने रिक्षात घेतलं नाही, म्हणून चालत गेले. अंगणात उभी राहून तुझं पत्र मोठ्याने वाचलं. मी माझ्या अंदाजाने मोठ्याने वाचते, तेव्हा पलीकडच्या वाडीनेही ऐकलं असणार.

एडिता खाली बसली. म्हणाली, “पुन्हा वाचा.” चार वेळा वाचलं. मग तिने ते पत्र माझ्याकडून मागून घेतलं, बरणीशेजारी ठेवलं आणि चूल पेटवली. तिने भात खाल्ला, मायलीन. माझ्यासमोर दोनदा घेतला.

आता तुझं काम. तिला एक गोष्ट हवी आहे. बाप आणि लेकीचं जूनमध्ये भांडण झालं होतं. त्याने फोनवर तिला काहीतरी उपदेश केला आणि ती अठरा वर्षांची पोर तोंडावर बोलली, “वर्षातून पंधरा दिवस येणाऱ्याने मला शिकवू नये.” तेव्हापासून दोघं बोलले नाहीत. आता पोर घरात असून नसल्यासारखी आहे. एडिता विचारते, शेवटी त्याने आयराचं नाव काढलं का? राग गेला होता का? तू हात धरून बसली होतीस, तेव्हा काहीतरी बोलला असेल. आठवून लिही. आळस करू नकोस.

ग्लेंडा कशी आहे?

तिया

—

मनिला, २५ ऑक्टोबर २०२०

तिया,

माझी पत्रं लोकांना वाचून दाखवायची नाहीत. ती तुला लिहिलेली असतात. पेशंटची माहिती अशी बाहेर देता येत नाही, माझ्या नोकरीवर बेतेल.

एलिसेओ विशेष काही बोलला नाही. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतो, कुणी फार बोलत नाही. त्यांना तसं सांग आणि विषय मिटव.

ग्लेंडा १२ तारखेला गेली. तिच्याबद्दल दोन ओळी लिहायला आठवडाभर बसतेय. जमत नाही.

मायलीन

—

गिमारास, १० नोव्हेंबर २०२०

मायलीन,

ग्लेंडाला मी बाकावर सगळ्यांच्या मधे जागा दिलीय. तिच्या ओळी राहू देत, नावच पुरे.

तू चिडलीस ते कळलं. नोकरीचं माझ्या ध्यानात आलं नाही, म्हातारीला माफ कर. पण आता मीही एक गोष्ट सांगते, जी जुलैपासून तुझ्यापासून लपवली. बेबांगचा गुडघा ठणठणीत आहे. तू त्या वॉर्डात आहेस हे कळल्यापासून लोकांनी माझ्या वाटेवर दोर बांधला होता. तुझी पत्रं दोरीवर वाळताना बघून म्हणायचे, म्हातारी रोग सुकवतेय. मी मेलेल्यांना ओसरीवर बसवते हे कुणाला तरी समजलं, मग तर मुलंही कुंपणाकडे फिरकेनात. तीन महिने मी कुणाशी बोलले नाही. बहिरीला काय फरक पडतो, असं स्वतःला सांगायचे. पडतो गं. बोलणाऱ्या तोंडांकडे बघायलाही माणूस लागतो.

एडिताला पत्र वाचून दाखवलं आणि दोर सुटला. आता बाया येतात. एकीचा भाऊ मनिलात गेला, एकीची सासू. विचारतात, “तुमच्या मायलीनला त्यांच्याबद्दल काही माहीत आहे का?” या वर्षी मृतांच्या दिवसाला सरकारने दफनभूमीला कुलूप लावलं होतं, तर अकरा जणींनी माझ्याच ओसरीवर मेणबत्त्या लावल्या.

एडिता दर रविवारी येते आणि एकच विचारते. मी म्हणते, येईल पत्र. आयरा मात्र येत नाही. मका सोलत बसते, कुणाशी बोलत नाही. आईला भीती वाटते की पोर काहीतरी करून घेईल. तू जवळ होतीस. तू एक शब्द लिहिलास तर ती पोर वाचेल. घाबरू नकोस, हॉस्पिटलला कोण सांगायला जातंय?

तिया

—

मनिला, ६ डिसेंबर २०२०

तिया,

हे पत्र एकटीने वाच, आणि मोठ्याने अजिबात वाचू नकोस.

मी एलिसेओजवळ नव्हते.

त्या दिवशी ग्लेंडाची तपासणी होती, आणखी दोघी आल्याच नाहीत. तेवीस पेशंट आणि आम्ही दोघी. जेवणानंतर बेड नऊच्या बाईचा श्वास घसरायला लागला. तिला पालथं करायचं, नळी सांभाळायची, आकडा बघायचा. तेवढ्यात बेड चौदावर ठकठक सुरू झाली. मास्कमुळे त्याला हाक मारता येत नव्हती, म्हणून तो जेवणाच्या ताटलीतला चमचा पलंगाच्या दांडीवर वाजवत होता. मी मागे न वळताच, दादाला हाक द्यावी तसं ओरडले, “आले हं, नोंग, आले.” पुन्हा ठकठक. पुन्हा मी तेच. चार वेळा म्हटलं असेन. मी त्याच्यापासून दहा पावलांवर होते. पाऊण तास तो वाजवत होता. ती बाई सोडून गेले असते तर ती गेली असती, निदान मला तेव्हा तसं वाटलं. दुसरी नर्स पलीकडच्या खोलीत अडकलेली.

मग ठकठक थांबली. आणि तिया, थांबल्यावर मला बरं वाटलं. मनात म्हटलं, चला, झोपला एकदाचा. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. पाद्रींनाही नाही. मला बरं वाटलं.

मी गेले तेव्हा चमचा फरशीवर होता.

हात धरला नाही. प्रार्थना म्हटली नाही. चेहरा शांतही नव्हता. जिन्यात बसून लिहिताना वाटलं, तुझ्याकडे पाठवायचं तर नीट कपडे घालून पाठवावं. मग सवय लागली. तुला पाठवलेल्या सगळ्यांपैकी फक्त दोघांजवळ मी खरोखर होते. त्याने लेकीचं नाव कधी काढलं का? मला माहीत नाही. मी त्याच्यापाशी कधी दोन मिनिटं उभी राहिले असते तर काढलंही असतं.

थेट घरी जायचं नाही म्हणून तुझ्यापाशी थांबले आणि खोटं बोलले. आता तूच सांग. एडिताला मी स्वतः खरं लिहू? ती बाई माझ्या खोट्याच्या शेजारी नवऱ्याची बरणी ठेवून भात खातेय, हे मला गिळवत नाही.

मायलीन

—

गिमारास, २८ डिसेंबर २०२०

मायलीन,

पत्र वाचलं आणि चुलीत घातलं.

एडिताला तू काहीही लिहायचं नाहीस. खरं सांगून तुझं मन हलकं होईल आणि तेच ओझं तिच्या छातीवर बसेल. ती जेवतेय. तिचं ताट ओढून घेण्याचा तुला हक्क नाही, तुला कितीही गिळवत नसलं तरी.

मला संशय आला होता हेही सांगते. चाळीस वर्षांत इतकं सुंदर मरण मी डोळ्यांनी पाहिलं नाही, तुझ्या पत्रातच पाहिलं. तरी मी ते अंगणात उभं राहून वाचलं, कारण तिला ते हवं होतं. आणि खोटं कशाला बोलू, माझा दोरही सुटायला हवा होता. तेव्हा अर्धं खोटं माझ्या नावावर टाक.

बरं वाटलं ते वाटू दे. माझ्याही समोर एकदा बाईचं ओरडणं थांबलं होतं आणि मी सुटकेचा श्वास सोडला होता. मग दिवा वर करून पाहिलं. पुढचं लिहीत नाही.

पण बेड नऊच्या बाईचं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस. तुझ्या हातून कोण गेलं ते सगळं लिहितेस. कोण राहिलं ते कधीच लिहीत नाहीस.

यापुढे मला जसं घडलं तसं लिहायचं. कपडे घालू नकोस कुणाला.

एक गोष्ट. नाताळच्या दुसऱ्या दिवशी आयरा आली. चार महिन्यांत पहिल्यांदा. ओसरीवर उभी राहिली आणि पाटीवर खडूने लिहून तुझा पत्ता मागितला. कशाला, ते लिहिलं नाही. मी दिला. तिला काय लिहायचं ते तू ठरव, तिथे मी मधे पडत नाही. मात्र आई वेगळी आणि पोर वेगळी, एवढं लक्षात ठेव.

तिया

—

गिमारास, १७ जानेवारी २०२१

मानांग मायलीन,

मोठ्या बहिणीसारखं मानांग म्हणतेय, पण तुम्ही मला ओळखत नाही. मी एलिसेओ गालोनची मुलगी, आयरा. तुमच्या तियांनी पत्ता दिला. कशासाठी हवा ते त्यांना सांगितलं नाही, आणि हे पत्र आईला, नानायला, माहीत नाही. तुम्हीही सांगू नका.

आमच्याकडे सिग्नल फक्त चर्चच्या टेकडीवर येतो. २ सप्टेंबरला दुपारी मी तिथे होते. फोन वाजला. स्क्रीनवर वडिलांचं नाव, ताताय. मी उचलला, पण बोलले नाही. जूनपासून आमचं बोलणं बंद होतं, आणि मला वाटलं, फोन यांनी केलाय तर आधी त्यांनीच बोलावं.

ते बोलले नाहीत. कसलीतरी ठकठक येत होती आणि मशीनचा फुसफुस आवाज. मला वाटलं, चुकून बटण दाबलं गेलंय, कामावर ठोकाठोकी चाललीय. ते हॉस्पिटलात आहेत हे नानायने मला सांगितलं होतं, पण मला वाटायचं, मला घाबरवायला दोघं मिळून वाढवून सांगतायत. मग लांबून एका बाईचा आवाज आला, आपल्या भाषेत. “आले हं, नोंग, आले.” थोड्या वेळाने पुन्हा. तेव्हा मला कळलं, ते खरंच हॉस्पिटलात आहेत आणि वाजवतायत तेच.

मी तरी गप्प. का ते विचारू नका, मी स्वतःला रोज विचारते. मग अखेर मी म्हणाले, “ताताय, मी ऐकतेय.”

आणि ठकठक थांबली.

मी फोन कानाला लावून बसून राहिले. सहा मिनिटांनी तो बंद पडला. संध्याकाळी हॉस्पिटलातून नानायला निरोप आला.

तुमच्या तियांनी अंगणात पत्र वाचलं तेव्हा मी दाराआड मका सोलत होते. ‘हात हातात धरला होता’ ऐकलं आणि मला कळलं की हे असं झालेलं नाही. राग आला नाही, खरंच. उलट वाटलं, ते कसे गेले हे माझ्याशिवाय आणखी एका माणसाला माहीत आहे. या अख्ख्या बेटावर मी हे कुणाला सांगू शकत नाही. नानाय तुमचं पत्र रोज वाचते आणि मी तिच्यासमोर बसून मान डोलावते.

मला एकच विचारायचंय. तुम्ही गेलात तेव्हा फोन कुठे होता? त्यांच्या कानापाशी होता का? मी बोलले ते ऐकून त्यांनी वाजवणं थांबवलं, की त्याआधीच संपलं होतं? नानायला लिहिलं तसं मला लिहू नका.

आयरा

—

मनिला, ९ फेब्रुवारी २०२१

प्रिय आयरा,

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं. पानभर. त्यात फोन तुझ्या वडिलांच्या कानाशी होता आणि चेहऱ्यावर हसू होतं. वाचून पाहिलं, छान झालं होतं. मला असं लिहायची सवय आहे. मग तू शेवटच्या ओळीत जे लिहिलंस ते पुन्हा वाचलं आणि पान फाडलं.

आता जे पाहिलं तेवढंच लिहिते.

‘आले’ म्हणणारी बाई मीच. मी दहा पावलांवर होते आणि आले नाही. दुसऱ्या एका बाईला धरून उभी होते. ती २० सप्टेंबरला चाकाच्या खुर्चीत बसून घरी गेली. जाताना सगळ्यांना हात केला. मला ओळखलं नाही, माझा चेहरा तिने कधी पाहिलाच नव्हता.

ठकठक थांबली तेव्हा मला बरं वाटलं होतं. हे तुला कळायला हवं. त्यानंतर रागावलीस तर रागाव.

मी गेले तेव्हा त्यांचा चेहरा खिडकीकडे, म्हणजे उजवीकडे होता. फोन डाव्या खांद्याखाली पालथा पडला होता. मी तो काढला, पुसला आणि त्यांच्या सामानाच्या पिशवीत टाकला. स्क्रीन बघितली नाही. तो कधी खांद्याखाली गेला, आधी कानाशी होता का, तुझा आवाज तिथवर पोचला का, मला माहीत नाही. पाऊण तास मी तिकडे पाठ करून होते. मी हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. ज्याला माहीत होतं तो एकच माणूस होता.

याहून चांगलं काही तुला देता आलं असतं तर दिलं असतं. बसून बसून हेच उरलं.

एक मात्र मी पक्कं सांगते, कारण ते माझं नाही, तुझंच आहे. त्यांनी तुलाच फोन लावला. चमच्याच्या ठकठकीला कुणी येत नव्हतं, मी येत नव्हते, आणि त्या हाताला जेवढी ताकद होती त्यात त्यांनी तुझा नंबर काढला. उपदेश करायला नसेल. तेव्हा त्यांच्यात बोलण्याइतका श्वास नव्हता हे त्यांनाही माहीत होतं. तरी लावला.

तुझ्या आईला मी काही लिहिणार नाही. तू मान डोलावत राहा. फार जड झालं तर मला लिही, मीही इथे कुणाला सांगू शकत नाही.

मायलीन